पाचवं नाव

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "काकू, तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं." गमती आहेत दोन-तीन. त्या आधी सांगून टाकते, कारण त्यानंतरचं हलकं नाही. ज्यांना चकली खाता खाता वाचायचंय त्यांनी मध्येच पान उलटलं तरी माझी तक्रार नाही.

मी एकोणीस वर्षं लोकांना दारात अडवायचं काम केलं. वेबसाइटच्या दारात. तुम्ही नाव आणि पासवर्ड टाकता, आणि पुढचं पान उघडतं किंवा लाल अक्षरं येतात. ती लाल अक्षरं माझी.

शिक्षण म्हणाल तर काही नाही. माझा टायपिंगचा क्लास होता. मशिनं भंगारात गेली तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली होते. घरात एक कॉम्प्युटर आला होता आणि त्याच्यासोबत एक जाडजूड पुस्तक. त्यातलं उदाहरण टाइप करायचं, चाललं नाही की पुन्हा टाइप करायचं. टायपिंगवालीला दुसरं काय येतं? असं करता करता एक दिवस चालायला लागलं. मग गंगापूर रोडला एका मेडिकलच्या वरती हेमंतनं कंपनी काढली होती, तिथे गेले. हेमंत माझाच विद्यार्थी, तीस शब्दांच्या परीक्षेत दोनदा नापास झालेला. त्यानं मला नोकरी दिली आणि तिथली सगळी मुलं मला काकू म्हणायला लागली.

आता हे काम काय असतं ते सांगते. लोकांना वाटतं पासवर्ड आमच्याकडे लिहून ठेवलेला असतो. नसतो. तुम्ही दिलेला पासवर्ड आम्ही दळून ठेवतो. पिठाचे परत गहू होत नाहीत. तुम्ही पुन्हा आलात की नवे गहू तसेच दळायचे आणि पीठ जुळतं का ते बघायचं. हे मी एका प्राध्यापकांना फोनवर समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे माझा पासवर्ड तुम्हाला माहीत नाही?" म्हटलं, नाही सर. "मग पगार कशाचा घेता?"

दुसरी गोष्ट सेशनची. देवळाबाहेर चप्पल ठेवली की बिल्ला मिळतो ना, तसं. दारात एकदा ओळख पटली की तुमच्या ब्राउझरला आम्ही एक बिल्ला देतो. मग प्रत्येक पानावर तुम्हाला पासवर्ड विचारत नाही, बिल्ला विचारतो. बराच वेळ काही केलं नाहीत तर बिल्ला रद्द, पुन्हा दारात या. या रद्द होण्यावरून मी जितक्या शिव्या खाल्ल्या तितक्या आमच्या कंपनीत कुणी खाल्ल्या नसतील. एक गार्डसाहेब होते, मनमाडचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. एका ट्रस्टच्या कचेरीत सेवा म्हणून अर्ज तपासायला बसायचे. चहा सावकाश प्यायचे. दर आठवड्याला त्यांचा फोन, "मॅडम, मी चहा घेऊन आलो तर पुन्हा तिकीट विचारतंय." म्हटलं, साहेब, वीस मिनिटं झाली असतील. "अहो, मी आयुष्यभर गाडीत ड्यूटी केली, मला चालत्या गाडीत कुणी दुसऱ्यांदा तिकीट विचारलं नाही." शेवटी त्यांच्या एकट्यासाठी मी चाळीस मिनिटं केली. नियमात बसत नव्हतं. त्यांच्यासाठी बसवलं. हे वाक्य लिहिताना माझा हात जरा थांबला, पण असू द्या.

तर हाच तो ट्रस्ट. त्यांचं मुलींचं वसतिगृह होतं, नाशकात, कॉलेजांच्या जवळ. ज्या वर्षी प्रवेश त्याच वर्षी बारावी झालेल्या खेड्यापाड्यातल्या चाळीस मुली. अर्ज ऑनलाइन, आणि ज्यांची निवड झाली त्यांनी ठरलेल्या दिवसापर्यंत पुन्हा लॉगिन करून 'मी येणार आहे' असं बटण दाबायचं. नाही दाबलं तर जागा पुढच्या मुलीला.

आदल्या वर्षी एका एजंटानं एकाच फोनवरून पंचवीस-तीस खोटे अर्ज भरून जागा अडवून ठेवल्या होत्या, आणि मग पालकांना गाठून 'मी सोडवून देतो' म्हणत फिरत होता. गार्डसाहेबांनी पकडला. ट्रस्टवाले हेमंतकडे आले, हेमंत माझ्याकडे. म्हणाला, "काकू, असं काहीतरी करा की हा माणूस दारातच आपटेल."

मी केलं. फोनवर आपल्याला एक खूण ठेवता येते, म्हणजे तोच फोन परत आला की कळतं. एका फोनवरून एका दिवसात चार नावांनी लॉगिन झालं तर ठीक. पाचवं नाव आलं की ते खातं बंद, आणि त्या फोनला आमच्या साइटचं दारही बंद. उघडायचं तर आमच्याकडून माणसानं खात्री करून उघडायचं.

हेमंतनं विचारलं, "चारच का?"

म्हटलं, "एका घरात नवरा-बायको आणि दोन मुलं. झाले की चार."

"बरोबर," तो म्हणाला.

मुलींच्या वसतिगृहाच्या साइटवर नवरा-बायको कशाला येतील, एवढं साधं आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. माझ्या घरात चार माणसं होती म्हणून जगात चार माणसं. काम मात्र मी फार सुबक केलं होतं. मला त्याचा अभिमान होता, आणि तो होता हे आता लपवून काय करू.

मुदतीचा शेवटचा दिवस होता. दुपारी माझ्यासमोर इशारा आला, एका फोनवर पाचवं नाव, खातं बंद. मी खुर्चीत सरळ बसले. आला, म्हटलं, आपटला. थोड्या वेळानं फोन वाजला. पलीकडे बाई होती, वाऱ्याचा आवाज येत होता.

"मॅडम, तुमचं ते बंद पडलं. लाल अक्षरं आलीत."

"कुणाचं खातं आहे?"

"योगिताचं."

"योगिताला द्या फोन."

"ती खाली पाड्यावर हाये. मी वर टेकडीला हाय. खाली रेंज नाय ना."

"मग तुम्ही कोण?"

"मी हिरा. अंगणवाडीची ताई. पेठच्या पल्याड आमचा पाडा हाये."

"योगिताचा पासवर्ड तुम्हाला कसा माहीत?"

"सगळ्यांचेच हायेत माझ्याकडं. वहीत लिवलेत."

एकोणीस वर्षांत इतकं सरळ उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. चोर असं बोलत नाही, हे कळायला कॉम्प्युटर लागत नाही. पण माझ्यासमोर पडदा होता आणि पडद्यावर पाच मुली, पाचही जणींचा मोबाइल नंबर एकच. माझा नियम म्हणत होता हा एजंट आहे. मी नियमाचं ऐकलं.

"पाच जणींचं तुम्हीच करताय?"

"हो. चौघींचं झालं. ही शेवटची. मॅडम, आज शेवटला दिवस ना? मेसेज आजच दिसला. मी रोज नाय चढत वर."

"मुलीनं स्वतः बोललं पाहिजे. तिला घेऊन या आणि मग फोन करा."

"खाली जाऊन यायला टाइम लागल. तुमी जरा उघडून द्या ना, मी तिचंच बटन दाबते, दुसरं काय नाय करत."

"असं नाही उघडता येत, ताई. नियम आहे."

"बरं," ती म्हणाली. वाद घातला नाही. "आणते."

मी हेमंतला सांगितलं, तोही खूश. कोपऱ्यावरच्या दुकानातून कचोऱ्या मागवल्या. मी दोन खाल्ल्या. पाच वाजता हेल्पलाइन बंद झाली, मुदतही संपली, मी पिशवी उचलून घरी गेले. पाच वाजून गेल्यावर त्याच फोननं चार वेळा दार वाजवलं होतं. ते मला पुढे कळलं.

चार-पाच दिवसांनी हिराताई आमच्या ऑफिसात आली. सकाळच्या गाडीनं पेठहून आली होती. अंगणवाडीची साडी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही. सोबत एक मुलगी. मुलीच्या अंगात शाळेचा गणवेश, दोन वेण्या, लाल रिबिनी. बारावी झालेली मुलगी, शाळा सुटून महिने झालेले, आणि गणवेशात.

"तुमी म्हणाल्या होत्या ना, पोरीनं स्वतः बोलायचं," हिराताई म्हणाली. "आणली. अर्जावर फोटू गणवेशातला हाये, म्हणून तशीच आणली. तुमाला ओळख पटवायला बरं." मग मुलीकडे वळून, "बोल गं."

मुलगी पुढे आली. गाडीत पाठ केलं असावं. "नमस्कार. माझं नाव योगिता. अर्ज माझाच आहे. मला वसतिगृहात राहून बीएस्सी करायचं आहे. पासवर्ड मीच ठेवला आहे."

आमच्या खोलीतली सगळी मुलं कीबोर्ड सोडून बघत होती. मी तिला बस म्हणायला विसरले.

वही बघितली. एकेका मुलीला एकेक पान. नाव, गुण, दाखल्याचा नंबर, पासवर्ड, आणि खाली वडिलांचा अंगठा किंवा सही, की ताईला आम्ही हे सांभाळायला दिलंय. पूर्वी पाड्यातलं एक माणूस सगळ्यांचे कागद घेऊन तालुक्याला जायचं, तसंच हे. कागदांच्या जागी पासवर्ड आले एवढंच. ज्याच्या हाती सगळ्यांचे कागद ते माणूस पाड्यात सगळ्यांत विश्वासाचं. आणि मी दारात यंत्र बसवलं होतं ते नेमकं त्याच माणसाला धरणारं.

शेवटचं पान योगिताचं होतं. त्यावर अंगठा नव्हता, सही हिराताईची होती. आईच्या जागी.

मी म्हटलं, "ही तुमची मुलगी?"

"हो."

"मग फोनवर का नाही बोललात?"

"माझी पोर म्हटलं तर तुमाला वाटलं असतं, सोताच्या पोरीसाठी गयावया करते."

"आणि शेवटी का ठेवलंत हिचं? आधी नाही का भरायचं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मी काहीतरी वेडंवाकडं विचारलंय असं. "मॅडम, पंगतीत वाढणारी आपल्या पोराला आधी वाढती का?"

मी गार्डसाहेबांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला, म्हणजे तिलाही ऐकू यावं. सगळं सांगितलं, चूक माझी आहे हेही सांगितलं. पलीकडे रजिस्टरची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "मॅडम, पलंग चाळीस. चाळिसावी मुलगी काल सटाण्याहून ट्रंक घेऊन आली, बापानं ट्रंक डोक्यावरून जिन्यानं वर नेली. डब्यात बसलेल्या माणसाला मी कधी उठवलं नाही. तुम्ही सांगा, मी उठवतो."

मी फोन ठेवला. दुसऱ्या वसतिगृहांच्या तारखा गेल्या होत्या. पुढच्या वर्षी इथे अर्ज करता येत नव्हता, कारण त्याच वर्षी बारावी झालेल्यांनाच घेत. हे मी हिराताईला समजावत बसले, सेशन आणि खूण आणि पाचवं नाव, सगळं. ती मान हलवत होती. योगिता रिबीन बोटाला गुंडाळत होती. शेवटी हिराताई म्हणाली, "म्हणजे मी दोन दिवस मिळून केलं असतं तर झालं असतं."

"हो."

"आमाला कोणी सांगितलं नाय ना."

कुठं लिहिलेलंच नव्हतं. चोराला कळू नये म्हणून आम्ही ते लिहीत नाही.

चहा घेतला आणि परतीच्या गाडीसाठी त्या उठल्या. जाताना योगिता म्हणाली, "येते मॅडम," आणि मी "ये हं" म्हटलं. सवयीनं.

त्या गेल्यावर मी लॉग उघडला. लॉग म्हणजे दारावरची हजेरी, कोण कधी आलं, कधी गेलं. त्या दुपारची पानं वाचली. पहिली मुलगी आत, बटण दाबलं, बाहेर. दुसरी आत, बटण, बाहेर. तिसरी, चौथी तसंच. चारही वेळा तिनं व्यवस्थित लॉगआउट केलं होतं. तुम्ही करता का हो लॉगआउट? मी करत नाही. आमच्या ऑफिसात कुणी करत नसे, पान बंद करून उठायचे. कोण कुठली हिराताई, टेकडीवर वाऱ्यात उभी राहून, दुसऱ्याच्या मुलीचं दार नीट लावून मगच पुढच्या मुलीचं उघडत होती. आणि मग पाचवं नाव. त्यानंतर पाच वाजून गेल्यावरच्या त्या चार ओळी.

दुसऱ्या दिवशी मी हेमंतला म्हटलं, ती अट काढू या. तो म्हणाला, "काकू, तोच तर आपल्या लॉगिनचा विकायचा मुद्दा आहे. एका केससाठी?" मी म्हटलं, निदान चाराचे वीस कर. "बघू, साइटची सुरक्षा-तपासणी होऊन जाऊ दे." तपासणी झाली, मग दुसरं काम आलं, मग तो आकडा आमच्या लॉगिनसोबत दुसऱ्या संस्थांच्या साइटवर गेला. शाळा, दवाखाने, कुठे कुठे गेला मला माहीत नाही.

आता ऐका. तो आकडा बदलायला मला हेमंतची गरज नव्हती. किल्ल्या माझ्याकडे होत्या. चाराचं वीस करायला एक क्षण लागला असता, कुणाला पत्ता लागला नसता. गार्डसाहेबांच्या चहासाठी मी केलंच होतं की. हिराताईच्या वेळी मला परवानगी आठवली. निवृत्त झाले त्या दिवशी रीतीप्रमाणे माझंच खातं मी माझ्या हातानं बंद केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर त्या ओळीपर्यंत जायचा रस्ता माझ्यासाठी कायमचा बंद झाला, आणि ती ओळ अजून चालू आहे.

हिराताईचा नंबर माझ्याकडे होता. फोन करायचं धाडस व्हायला मला तीन वर्षं लागली. यंदा जूनमध्ये केला. रविवारी केला, म्हटलं टेकडीवर असेल तर लागेल. दुसऱ्यांदा लागला.

"कोन?"

सांगितलं. ओळख लगेच पटली तिला. "हां, लाल अक्षरंवाल्या मॅडम."

म्हटलं, या वर्षी मुली आहेत का वसतिगृहाला? तर दिवसाला चारच करा, पाचवी दुसऱ्या दिवशी.

"आता मी नाय भरत," ती म्हणाली. "पेठला एक जण हाये, तो भरतो. त्याच्याकडं लय फोन हायेत. त्याचं कधी अडकत नाय."

"आणि पासवर्ड?"

"त्याच्याकडंच. माझ्याकडं नाय देत आता कोणी. त्या वक्ताला माझ्या हातनं बंद पडलं ना, पाड्यात बोलले लोकं. ताईचा हात चांगला नाय म्हनले."

ती म्हणाली, "हॅलो? मॅडम, हाय का?"

"आहे. योगिता काय करते?"

"द्राक्षाच्या बागांना जायची आमच्याबरोबर, दिंडोरीकडं. मंग दिली सुरगाण्याला. पोरगी झाली तिला."

मी जे बोलायला फोन केला होता ते आता बोलून काही उपयोग नव्हता, पण मी तीन वर्षं ते तोंडात धरून होते, ते निघून गेलं. म्हटलं, ताई, माझा मुलगा पुण्याला गेल्यापासून घरात एक खोली रिकामी आहे. पलंग आहे, टेबल आहे. कॉलेज तिथून पायी दहा मिनिटांवर. योगिता माझ्याकडे राहिली असती.

वारा चालू होता तिकडे.

"ती खोली," हिराताईनं विचारलं, "आमी आलो होतो तवा पन होती का?"

मी हो म्हटलं.